बेस स्टेशनच्या आकाशक-व्यवस्थेचे दूरनिरीक्षण व दोषनिदान

रेडिओ बेस स्टेशनमधील प्रेषक बिघडला तर केंद्र बंद पडते व ते बंद पडल्याची वार्ता नियंत्रण-कक्षास तत्काळ कळते. आकाशक, म्हणजे अँटेना, बिघडला तर मात्र केंद्र सहसा बंद पडत नाही. प्रेषक पूर्ववत शक्ती देत राहतो, संगणकाच्या पडद्यावरील दिवा हिरवाच राहतो, आणि मनोऱ्याच्या एका अंगाकडील दोनचार गावांतून दूरध्वनी लागेनासा होतो. तेथील माणसाने रुग्णवाहिकेस हाक घालण्याचा यत्न केला व तो विफल झाला, तर त्या विफलतेची नोंद केंद्राजवळ नसते. कारण जी हाक केंद्रापर्यंत पोहोचलीच नाही ती मोजावयाची कशी? आकाशक-व्यवस्थेच्या दूरनिरीक्षणाचा प्रश्न अवघड होतो तो या मूक स्वरूपाच्या दोषामुळे.

आकाशक-व्यवस्था या शब्दाने येथे केवळ मनोऱ्यावरील लांबट पेटी अभिप्रेत नाही. प्रेषक व ग्राही यांच्या सामाईक मुखापासून निघालेली समाक्ष केबल, तिच्या दोन्ही टोकांचे लवचीक जोडतुकडे, विद्युत्पातरोधक, माथ्यावरील ग्राही-विवर्धक, किरणशलाकेचा कल बदलणारी मोटर आणि अखेरीस आकाशक, एवढी सर्व साखळी तीत येते. तीन दिशांस तोंडे असलेल्या साध्या केंद्रातही अशा सहा केबली व काही डझन स्क्रूचे जोड असतात. यांतील बहुतेक सर्व भाग उघड्यावर, ऊन, वारा व पाऊस सोशीत असतात. आणि अनुभव असा की, दोष सामान्यतः केबलीच्या पोटात उद्भवत नाही, तो जोडांत उद्भवतो.

स्थायी तरंग व त्याची साक्ष

या साखळीची नाडी पाहण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे परावर्तित तरंग. हर्ट्झने १८८८ साली भिंतीवरून परतणाऱ्या तरंगांचे पेर व फुगवटे मोजले. लेखरने १८९० साली तीच गोष्ट दोन समांतर तारांवर करून दाखविली. आजच्या बेस स्टेशनमध्ये जे मापन अखंड चालू असते ते तत्त्वतः याहून निराळे नाही. केबलीचा स्वाभाविक संरोध ५० ओहम असतो. आकाशकाचा संरोधही तितकाच असेल तर सर्व शक्ती पुढे जाते. तसा नसेल तर काही भाग परततो. परतणाऱ्या व जाणाऱ्या विद्युद्दाबांच्या गुणोत्तरास परावर्तनांक म्हणावयाचे. तो ‘प’ या अक्षराने दर्शविल्यास स्थायी तरंगाचे गुणोत्तर (१ + प) ÷ (१ − प) इतके येते. प शून्य असता हे गुणोत्तर १, प ०.२ असता १.५, आणि प एक-तृतीयांश असता २. गुणोत्तर १.५ असताना अवघी चार टक्के शक्ती परत येते. २ असताना अकरा टक्के. यावरून दिसून येईल की, १.५ हा आकडा सेवेच्या दृष्टीने मुळीच भीतिदायक नाही. त्यास महत्त्व आहे ते लक्षण म्हणून. तीन महिने १.१५ दाखविणारी केबल एके दिवशी १.५ दाखवू लागली, तर कोठेतरी काहीतरी ढिले झाले आहे.

जाणारी व परतणारी शक्ती वेगवेगळी मोजण्याकरिता प्रेषकाच्या मुखाशी दिक्-युग्मक बसविलेला असतो. हे साधन परिपूर्ण नसते. जाणाऱ्या तरंगाचा थोडा अंश परतीच्या बाजूस झिरपतोच. हा झिरपा २० डेसिबेल खाली असेल व खरा परावर्तनांक ०.१ असेल, तर दोहोंच्या कलांनुसार मापनात शून्यापासून ०.२ पर्यंत काहीही येऊ शकते. म्हणजे जे गुणोत्तर वस्तुतः १.२२ आहे ते १ ही वाटेल व १.५ ही वाटेल. स्वस्त युग्मकावरील दशांश स्थळांवर विश्वास ठेवणाऱ्याने हे विसरू नये.

परंतु याहून गंभीर फसवणूक केबल स्वतःच करते. आकाशकाशी परावर्तित झालेला तरंग केंद्रात परत येण्यापूर्वी केबलीचे क्षीणन दोनदा सोसतो, एकदा वर जाताना व एकदा खाली येताना. समजा, मनोऱ्याच्या माथ्यावर आकाशकाचा जोड पूर्णपणे निखळला आहे. तेथे परावर्तन शंभर टक्के. केबलीचे एकेरी क्षीणन १ डेसिबेल असेल तर खालच्या मापकास गुणोत्तर सुमारे ८.७ दिसेल व कोणासही शंका उरणार नाही. क्षीणन ३ डेसिबेल असेल तर ३ दिसेल. अर्ध्या इंच व्यासाच्या फेसभरीत केबलीचे १८०० मेगाहर्ट्झ कंप्रतेस शंभर मीटरमागे सुमारे १० डेसिबेल क्षीणन होते. म्हणजे साठ मीटरच्या केबलीत ६ डेसिबेल. अशा केबलीच्या टोकाशी आकाशक मुळीच नसला तरी खाली गुणोत्तर दिसते अवघे १.६७! इशाऱ्याचे सीमामूल्य २ ठेवलेल्या केंद्रात माथ्यावरील कोणताही दोष, कितीही मोठा असो, कधीच इशारा देणार नाही. उलट, केंद्राच्या दाराशीच असलेल्या जोडात किरकोळ बिघाड होऊनही गुणोत्तर १.६७ येईल, आणि त्या वेळी वाया जाणारी शक्ती सुमारे सहा टक्के, म्हणजे ०.३ डेसिबेलहून कमी, असेल. आकडा एकच, एका ठिकाणी अवघी दिशा मृत, दुसऱ्या ठिकाणी कोणाच्या ध्यानातही न येणारी हानी.

यावर एक सोपा उपाय सुचतो. केबलीचे क्षीणन ठाऊक असल्यास परतीच्या मापनात त्याच्या दुप्पट भर घालून आकाशकाशी काय घडत असेल हे काढावे. हा उपाय अनेक ठिकाणी योजिला जातो, आणि दोष वरच्या टोकाशी असेल तोवर तो बरोबरही आहे. दोष खालच्या टोकाशी असला तर मात्र तीच दुरुस्ती लहान दोषाचा राक्षस बनविते. तात्पर्य, किती परावर्तन हे कोठून परावर्तन हे कळल्यावाचून निरर्थक ठरते.

याच्याच पोटात आणखी एक विपरीत प्रकार आहे व तो पावसाळी प्रदेशात ध्यानी ठेवण्याजोगा आहे. जोडावरील वेष्टन फाटून पाणी केबलीत शिरले की प्रथम परावर्तन वाढते. परंतु पाणी आत पसरत गेले की क्षीणनही वाढू लागते. वाढलेले क्षीणन वरून येणारे परावर्तन गिळून टाकते आणि गुणोत्तर सुधारल्यासारखे दिसते. पूर्ण भिजलेली केबल ही शक्ती शोषणाऱ्या कृत्रिम भारासारखी वागते. तिचे गुणोत्तर जवळजवळ आदर्श असते. म्हणून गुणोत्तर अकारण चांगले होणे हेही रोगाचेच लक्षण समजावे. ज्या सह्याद्रीच्या माथ्यांवर, महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे ऑक्टोबरातील आकडे जूनमधील आकड्यांशी ताडून पाहणे हे वर्षातील सर्वांत उपयुक्त मापन ठरू शकते.

दोषाचे स्थान

दोष किती अंतरावर आहे हे काढण्याची रीत प्रतिध्वनीची आहे. केबलीत तरंगाचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ०.८८ पट, म्हणजे सेकंदास २६.४ कोटी मीटर असतो. चाळीस मीटरवरील जोडापासून प्रतिध्वनी परत येण्यास ०.३ मायक्रोसेकंद लागतात. प्रत्यक्षात आखूड स्पंद सोडण्याऐवजी निरनिराळ्या कंप्रतांवर परावर्तनांक मोजून त्यांवर फूरिए रूपांतर करतात. या रीतीची सूक्ष्मता केवळ एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे कंप्रतांचा पल्ला. दोन दोष वेगळे दिसण्यास त्यांच्यात किमान जे अंतर हवे, ते केबलीतील वेगास पल्ल्याच्या दुपटीने भागून मिळते.

तंत्रज्ञ आपले हातातील उपकरण घेऊन केबल सोडवितो व मूळ जीएसएम-९०० पट्ट्याचे ८९० ते ९६० मेगाहर्ट्झ असे ७० मेगाहर्ट्झ फिरून येतो, त्यास १.९ मीटरची सूक्ष्मता लाभते. तेवढ्याने माथ्यावरील जोडतुकड्याचे खालचे टोक सदोष की वरचे, हे बहुधा उमगते. परंतु दूरनिरीक्षणास केबल सोडविता येत नाही. त्यास चालू केंद्रातील गाळणीमधून व चालू सेवेच्या कंप्रतांवरच मोजावे लागते. प्रेषणाचा २५ मेगाहर्ट्झचा सबंध पट्टा मिळाला तर सूक्ष्मता ५.३ मीटर, आणि केंद्र-चालकाच्या वाट्यास केवळ ५ मेगाहर्ट्झ आले असतील तर ती २६ मीटर! पन्नास मीटरच्या मनोऱ्यावर याचा अर्थ ‘वरच्या अर्ध्यात की खालच्या अर्ध्यात’ एवढाच उरतो. दूरनिरीक्षणाच्या विक्रीपत्रकांतून दोषस्थान मीटर-मीटरने सांगण्याची आश्वासने आढळतात, त्यांच्याकडे या साध्या भागाकारातून पाहावे.

पल्ला अरुंद असल्याचा दुसराही एक परिणाम होतो. तीस मीटर अंतराने दोन परावर्तने असतील तर ती कोठे एकमेकांत मिळतात, कोठे एकमेकांस छेदतात, आणि गुणोत्तराचा आलेख दर ४.४ मेगाहर्ट्झला वर-खाली होतो. जीएसएमची एक वाहिनी केवळ २०० किलोहर्ट्झ रुंद असते. तेव्हा एका वाहिनीवर चांगले व शेजारच्या चौथ्या-पाचव्या मेगाहर्ट्झावर वाईट असे मापन आले तर उपकरणास दोष देण्याचे कारण नाही. तो आलेखाचाच धर्म होय.

ग्रहणाकडील साक्ष

जो आकाशक केवळ ग्रहणाकरिता योजिलेला असतो त्यावर प्रेषणाची शक्ती जातच नाही. मग परावर्तन मोजणार कशाचे? येथे निदानाचा आधार निराळा. तळकेंद्र एकाच दूरध्वनीचा संकेत दोन आकाशकांवर घेते व दोन्हींची तीव्रता नोंदविते. दोन्ही मार्ग निर्दोष असतील तर सरासरी तीव्रता जवळजवळ समान असावयास हवी. एका मार्गात ३ डेसिबेलांची हानी झाली तर सरासरीत ३ डेसिबेलांचा फरक दिसेल.

सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इमारती व डोंगर यांवरून येणाऱ्या अनेक तरंगांमुळे प्रत्येक आकाशकावरील तीव्रता रॅले-वितरणानुसार डळमळत असते. दोन स्वतंत्र रॅले-मार्गांत एखाद्या क्षणी १० डेसिबेलांहून अधिक फरक असण्याची संभाव्यता २/११, म्हणजे सुमारे अठरा टक्के येते. सर्व काही ठीक असतानाही दर पाच-सहा नोंदींत एक नोंद भयंकर दिसणार! अशा एका मार्गाच्या तीव्रतेचे प्रमाण विचलन सुमारे ५.६ डेसिबेल व दोहोंच्या फरकाचे ७.९ डेसिबेल असते. एक हजार परस्परस्वतंत्र नोंदींची सरासरी घेतली की अनिश्चितता पाव डेसिबेलावर येते. जीएसएममध्ये दर ०.४८ सेकंदास एक नोंद होते. तेव्हा हजार नोंदी आठ मिनिटांच्या संभाषणातून मिळतात. मात्र दूरध्वनी एका जागी स्तब्ध असेल तर त्या नोंदी परस्परस्वतंत्र नसतात. म्हणून एका लांबलचक संभाषणापेक्षा दिवसभरातील अनेक लहान संभाषणांची सरासरी अधिक विश्वासार्ह मानावी.

हीच पद्धत केबलींची अदलाबदल उघडकीस आणते. मनोरा उभारताना पहिल्या दिशेची एक केबल दुसऱ्या दिशेच्या मुखास जोडली जाणे ही चूक वाटते तितकी विरळ नाही. तीत परावर्तन निर्दोष असते, कारण प्रत्येक केबलीच्या टोकास चांगला आकाशक आहेच. तो फक्त भलतीकडे पाहत असतो. परंतु दोन शेजारच्या दिशांत एकाच दिवसापासून तीव्रतेची असमानता उद्भवली तर ती तुटलेल्या केबलीची खूण नसते, दोन केबलींच्या गोंधळाची असते.

माथ्यावरील विवर्धक असेल तर काम थोडे सुकर होते. त्यास लागणारा एकदिश प्रवाह त्याच समाक्ष केबलीतून वर जातो व केंद्र तो अखंड मोजते. प्रवाह शून्य झाला तर मध्यवाहक तुटला. फाजील वाढला तर पाण्याने मार्ग जोडला असावा किंवा विवर्धक बिघडला असावा. सर्व पुराव्यांत हा पुरावा सर्वांत सरळ आहे.

अंतर्मिश्रण

परावर्तनमापनाच्या नजरेतून पूर्णपणे सुटणारा दोष म्हणजे अक्रिय अंतर्मिश्रण. गंजलेला बोल्ट, नीट न आवळलेला जोड, धातूचा अडकलेला कीस यांत विद्युद्दाब व प्रवाह यांचे नाते किंचित वाकडे होते, आणि दोन प्रबळ कंप्रतांमधून तिसरी जन्मास येते. मूळ जीएसएम-९०० पट्ट्यात प्रेषण ९३५ ते ९६० व ग्रहण ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर. ९३५ ची दुप्पट १,८७०. तीतून ९६० वजा केले की ९१० उरतात, म्हणजे नेमके ग्रहणाच्या पट्ट्यात. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६२०३७ क्रमांकाच्या मानकानुसार ही चाचणी प्रत्येकी २० वॉटच्या दोन वाहकांनी करतात. उत्पन्न संकेत वाहकापेक्षा १५० डेसिबेलांनी खाली असला, तर शक्तींचे गुणोत्तर एकावर पंधरा शून्ये इतके होते. तरीही तो एक मिलिवॉटच्या खाली १०७ डेसिबेलांवर, म्हणजे २०० किलोहर्ट्झमधील औष्णिक गोंगाटाच्या १४ डेसिबेल वर राहतो. इतका सूक्ष्म दोष दूरवरच्या दूरध्वनीचा क्षीण आवाज बुडविण्यास पुरेसा असतो.

एखाद्या चालकाकडे ९३५ ते ९४२ एवढाच पट्टा असेल तर त्याचे तृतीय कोटीचे मिश्रण ९२८ च्या खाली जात नाही. ग्रहणाच्या पट्ट्यात उतरण्यास सप्तम कोटी गाठावी लागते व ती फार क्षीण असते. एकच आकाशक दोन-तीन चालकांनी वाटून घेतला की कंप्रतांमधील अंतर वाढते, आणि वर्षानुवर्षे निरुपद्रवी असलेला तोच जोड अकस्मात उपद्रवी होतो. आकाशकांच्या भागीदारीत बचत होते हे खरे. तिची ही किंमत मात्र करारपत्रात क्वचितच लिहिलेली असते.

दुरून याचे निदान करण्याची युक्ती सोपी आहे. रात्री रहदारी नसताना प्रेषणात कृत्रिम भार घालावा व रिकाम्या ग्राही वाहिन्यांवरील गोंगाट पाहावा. प्रेषणाबरोबर गोंगाट चढला-उतरला तर दोष आपल्या घरचा. न बदलला तर तो बाहेरच्या एखाद्या उगमाचा. दिवसा हीच चाचणी फसते, कारण रहदारी वाढली की दूरध्वनीही अधिक बोलतात व गोंगाट कोणामुळे वाढला ते कळत नाही. शक्ती १ डेसिबेलने घटविता तृतीय कोटीचे मिश्रण सिद्धांतानुसार ३ व व्यवहारात त्याहून काहीसे कमी डेसिबेलांनी घटते, ही दुसरी खूण.

इशाऱ्यांचा भरवसा

साक्षी अनेक असल्या तरी प्रश्न मिटत नाही. त्या जोखाव्या लागतात. समजा, एका प्रदेशात १,००० आकाशक-मार्ग आहेत व त्यांपैकी १० सदोष आहेत. एखादी कसोटी सदोषांपैकी नव्वद टक्के पकडते व निर्दोषांपैकी केवळ पाच टक्क्यांवर चुकीचा आळ घेते. कसोटी चांगली वाटते. पण हिशोब करता ९ खरे इशारे व सुमारे ५० खोटे इशारे निघतात. म्हणजे शंभर इशाऱ्यांतील जेमतेम पंधरा खरे. प्रत्येक इशाऱ्यासरशी एक माणूस मनोऱ्यावर चढविला जाणार असेल, तर सहा-सात चढायांपैकी एकच सार्थ. पावसाळ्यात, निसरड्या शिडीवर, विजा चमकत असताना ही चढाई काय असते ते नियंत्रण-कक्षातल्या पडद्यावर दिसत नाही. आणि पाच वेळा व्यर्थ चढलेला माणूस सहाव्या वेळी इशारा ऐकेनासा होतो, त्यात त्याचा दोष म्हणता येत नाही.

तशाच गुणवत्तेची दुसरी स्वतंत्र कसोटी जोडून दोन्हींनी होकार दिल्यावरच इशारा द्यावयाचा असे ठरविले, तर सुमारे ८ खरे व २.५ खोटे उरतात. तीन-चतुर्थांश इशारे खरे ठरतात. एक दोष अधिक निसटतो हे त्याचे मोल. येथे सर्व भार ‘स्वतंत्र’ या शब्दावर आहे. मुसळधार पावसात परावर्तन, तीव्रता व विवर्धकाचा प्रवाह ही तिन्ही एकदम हलतात. त्या वेळी तीन साक्षीदारांची साक्ष वस्तुतः एकाच साक्षीदाराची असते. म्हणून पाऊस थांबल्यावर काही तासांत पूर्वस्थितीस येणारा दोष व न येणारा दोष हे निराळे नोंदविण्याची शिस्त अत्यावश्यक होय. पहिल्यास वेष्टनाची दुरुस्ती पुरते व ती कोरड्या दिवशी करता येते.

कल बदलणाऱ्या मोटरीची गोष्टही साक्षीच्या याच सदरात येते. आकाशक-संयोजनाच्या एआयएसजी मानकानुसार तिच्याशी होणारे संभाषण समाक्ष केबलीतूनच २.१७६ मेगाहर्ट्झच्या वाहकावर, सेकंदास ९,६०० अंश या मंद गतीनेही चालू शकते. मोटर जो कल कळविते तो तिच्या स्वतःच्या फेऱ्यांवरून मोजलेला असतो. प्रत्यक्ष किरणशलाका कोठे वळली हे ती जाणत नाही. तीस मीटर उंचीवरून ६ अंश कललेल्या शलाकेचा मध्य २८५ मीटरवर भूमीस टेकतो, २ अंशांचा ८५९ मीटरवर. आतील दांडा निसटला व मोटर रिकामीच फिरली तर कागदावर कल बदलेल, गावात काहीच बदलणार नाही. अशा वेळी कल बदलण्यापूर्वीच्या व नंतरच्या दूरध्वनींची अंतरे ताडून पाहणे हाच खरा पडताळा. जीएसएममध्ये केंद्र प्रत्येक दूरध्वनीचे अंतर सुमारे ५५० मीटरच्या पायऱ्यांनी जाणते. ते एवढ्या कामास पुरते.

गेल्या काही वर्षांत प्रेषक-ग्राही मनोऱ्याच्या माथ्यावर नेऊन खाली केवळ प्रकाशतंतू ठेवण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे लांब केबलीची फसवणूक संपली. परावर्तनाचा आकडा आता आकाशकाच्या अगदी जवळचा असतो. पण ज्या खोक्याची तपासणी पूर्वी जमिनीवर उभे राहून होई, त्याकरिताही आता शिडी चढावी लागते. सक्रिय आकाशकात तर ६४ प्रेषक-ग्राही आकाशकाच्या पाठीशीच एकत्र बांधलेले असतात व मोजावयास जोडच उरत नाही. त्यांतील एक निकामी झाला तर प्रभावी प्रेषण ०.१४ डेसिबेलने घटते. कोणत्याही बाह्य मापनात ते दिसणार नाही. तेथे प्रत्येक प्रेषकाचा संकेत आतल्या युग्मकांतून घेऊन त्याचा कल व मोठेपणा इतरांशी ताडतात. हे अंशांकन शलाका घडविण्याकरिता अखंड करावेच लागते. दोषाची नोंद त्यातून अनायासे हाती येते.